कँटीनच्या फोनातला आवाज

पहिली शिफ्ट सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. प्लांटमधला ऑपरेटर, धरमतरच्या खाडीकडचा, तिशीतला पोरगा. शिफ्टला गावाहून ये-जा जमत नाही म्हणून रोह्यात खोली घेऊन राहणारा. मला वाटलं, पगाराच्या स्लिपचा प्रिंट हवा असेल. माझ्याकडे लोक तेवढ्यासाठीच येतात. त्याने हेल्मेट काढलं तेव्हा भादरलेलं डोकं दिसलं आणि माझ्या ओठांवर आलेली थट्टा मी गिळली.

"साहेब, माझ्या बापसाचा आवाज असंल ना तुमच्याकडं?"

"आवाज?" मी विचारलं.

"फोटो हायत," तो म्हणाला. "बहिणीच्या लग्नातला व्हिडिओ पन हाय. त्यात बापूस बोलतोय, पन वरून बँड वाजतोय. त्याचा मोबाइल बटणांचा. मेसेज-बिसेज त्याला जमायचं नाय. तो मला फोन करायचा तो हितं, कँटीनला. आनि तुम्हीच बसमधी म्हनालात ना, समद्यांचे कॉल माझ्या मशीनमधी हायत म्हनून."

म्हणालो होतो. हा माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आला होता. असं माझ्या बाबतीत सहसा घडत नाही.

रोह्याजवळ धाटावला आमची कंपनी, केमिकलची. एका ठिणगीचं निमित्त पुरेल म्हणून मोबाइल आत न्यायला बंदी. गेटवर कप्पे आहेत, तिथे ठेवायचे आणि सुटताना घ्यायचे. दिवसभर त्या कप्प्यांत कोणाचा ना कोणाचा मोबाइल थरथरत असतो आणि वॉचमन ढिम्म बसून असतो. मग घरच्यांनी माणूस गाठायचा कसा? कँटीनच्या काउंटरवर एक फोन आहे, बाहेरून थेट लागणारा. गावोगावच्या बायकांना, म्हाताऱ्यांना तो नंबर तोंडपाठ. जेवणाच्या सुट्टीत तो वाजायला लागला की वाढपी डाव हातात घेऊनच गावाच्या नावाने ओरडतो, "ए जितेवाल्या, तुझी मंडळी!"

मध्यंतरी कंपनीने जुने फोन काढून कंप्युटरच्या वायरीवर चालणारे बसवले आणि कँटीनचा फोन बिघडला. इथला माणूस काय बोलतो ते घरी कळेना, विहिरीच्या तळातून बोलतोय असं वाटे. तक्रारी वाढल्या तेव्हा मॅनेजरांनी मला बोलावलं. कंपनीतला कंप्युटरवाला मीच. पेणहून रोज कंपनीच्या बसने येतो, बसतो, जातो, आणि मधल्या वेळात एखादं यंत्र माझ्या हाताने बिघडतं.

मी स्निफर लावला. वायरीवरून जे जातं ते लहान लहान पाकिटांत तुटून जातं, बोलणंसुद्धा. हे सॉफ्टवेअर ती पाकिटं वाटेतच टिपून ठेवतं. पोस्टमनच्या पिशवीत हात घालण्याचाच प्रकार, फक्त त्यासाठी कंपनी पगार देते. कँटीनच्या फोनची वायर ज्या डब्यात येते त्याला सांगून ठेवायचं की, इथून जे जाईल त्याची एक नक्कल माझ्याकडे टाक. मग माझ्या पडद्यावर रंगीत रेघा धावू लागल्या. येणारेजाणारे माझ्या मागे थांबून बघत. मी भुवया आक्रसून बसे. रेघांतलं मला फारसं काही कळत नव्हतं, पण भुवया मला छान आक्रसता येतात.

आठवडाभर असं चाललं. मग एके दिवशी कँटीनमध्ये चहा घेऊन वळताना माझा पाय वायरीत अडकला आणि फोनची पिन उपटून निघाली. पाहतो तर पिनेचं तांबं हिरवंगार. इथल्या हवेत तांब्याचं तेच होतं. पिन बदलली आणि आवाज स्वच्छ झाला. मॅनेजरांना मी कळवलं की बारकाईने विश्लेषण केल्यावर दोष सापडला. पायाचा उल्लेख केला नाही.

त्याच संध्याकाळी नागोठण्यापुढे बस अडकली. महामार्गाचं काम चालू आहे, तसं ते माझ्या केसांत काळे जास्त होते तेव्हापासून चालू आहे. मागच्या सीटवरून बॉयलरवाले काका म्हणाले, "काय हो कंप्युटर, दिवसभर रेघा बघायचा पगार भेटतो काय तुम्हाला? आमाला पन शिकवा."

सगळी बस हसली आणि मला ते लागलं.

"त्या रेघा नाहीत काका," मी म्हणालो, "तुमचं बोलणं आहे ते. कोण बायकोला काय सांगतो, सासूला काय म्हणतो, सगळ्यांचे कॉल माझ्या मशीनमध्ये आहेत. काढू का एखादा?"

बस गप्प झाली. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून कँटीनच्या फोनवर सगळे गोड बोलू लागले. एरवी फोन उचलताच डाफरणारा एक फिटर कोवळ्या आवाजात "जेवलीस का गो?" असं विचारताना लोकांनी ऐकलं. पलीकडून बायकोने, कोण बोलतंय, असं विचारलं म्हणतात. लोक माझ्याकडे बोट करून फोनवर सांगत, "हळू बोल, साहेब ऐकत्यात."

साहेबांनी एकही कॉल ऐकलेला नव्हता. सभ्यपणा वगैरे काही नाही, मला कंटाळा आला होता. त्याच कंटाळ्याने त्या फायलीही पुसल्या नव्हत्या.

म्हणून तो आला तेव्हा मी सांगू शकलो, "बस. बघू या."

मी त्याला स्टूल दिलं. बाबांचा नंबर विचारला. तो त्याने पाढा म्हणावा तसा म्हटला. मशीनला नंबर सांगितला आणि शोधायला लावलं. तो स्टुलाच्या कडेवर बसला होता, हेल्मेट मांडीवर. बाबा मिठागरात जन्म घालवलेले, त्याने सांगितलं. वाऱ्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारून मारून आवाज फुटलेला. घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे. "आय म्हनते, घर लय गप झालंय. आयला ऐकवतो म्हनलं."

एक कॉल सापडला. त्या आठवड्यातला एकच, बाकी दिवस याची रात्रपाळी होती. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढा आनंद झालेला आठवत नाही. "सापडले!" मी ओरडलो. "सापडले तुझे बाबा!"

असं ओरडायला नको होतं.

आवाज मोठा करून मी कॉल लावला. फोन उचलल्याची खरखर, मागे ताटांचा आवाज, आणि मग तो: "हां, बाबा."

मग काहीच नाही. मग पुन्हा तोच: "जेवलो."

काहीच नाही.

"वांगं व्हतं."

मी आवाज आणखी वाढवला. ताटं वाजली. इयरफोन लावून पाहिले, वायर हलवून पाहिली, बंद करून पुन्हा लावलं. तो शांतपणे बघत होता. मशीन बिघडलंय आणि साहेब नीट करतायत, असं त्याला वाटत होतं. मग मी त्या डब्याची सेटिंग उघडली. नक्कल कशाची हवी, यासाठी तिथे तीन पर्याय असतात: फोनमधून निघणाऱ्याची, फोनकडे येणाऱ्याची, दोन्हींची. मी पहिला निवडला होता. का, तर तो पहिला होता.

त्याच्या बाबांचा आवाज त्याच वायरीतून, माझ्या डोळ्यांसमोरून आला होता आणि गेला होता. मी भुवया आक्रसून बसलो होतो.

"तुझाच आवाज आहे," मी म्हणालो. "त्यांचा नाही टिपला गेला. माझी चूक झाली."

त्याला कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "नायच का कुठं?"

"नाही."

तो चिडला असता तर मला सोसलं असतं. तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "परत लावा."

मी लावलं.

"हितं इचारतो, जेवलास का," तो म्हणाला. मशीनमधला त्याचा आवाज बोलला, "जेवलो." "हितं इचारतो, कशाशी." "वांगं व्हतं." "हितं म्हनतो, पित्त व्हईल तुला." तो प्रत्येक मोकळ्या जागेत बाबांचं वाक्य म्हणत गेला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज चढला, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जावा तसा. बाहेरून जाणारा शिपाई आत डोकावला. एका जागी तो काही बोलला नाही. "हितं खोकतो," म्हणाला.

"या रविवारी नाय जमायचं, शिफ्ट हाय," मशीनमधला तो म्हणाला. मग शांतता, खूप लांब. मागे कोणीतरी पाण्याचा जग आपटला. आणि मग: "व्हय बाबा. करतो."

फोन ठेवल्याचा आवाज.

"हितं काय म्हनाला?" तो मला विचारू लागला. "मी कशाला व्हय म्हनालो?"

"आठव जरा."

"ताट समोर व्हतं वो साहेब. मी जेवनाकडं बघत व्हतो." त्याने तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मी लावत गेलो. दर वेळी जग आपटला, दर वेळी तो व्हय म्हणाला.

"आईला विचारून बघ," मी सुचवलं.

"ती मागल्या दारी असंल तवा. नायतर बोलली असती."

गेटबाहेर त्याने कप्प्यातला मोबाइल घेतला तेव्हा ती फाईल मी त्याला पाठवली. तो तेवढीच मागत होता. मी पुन्हा माफी मागितली. "तुम्ही तरी काय करनार," तो म्हणाला, आणि मोटरसायकलला किक मारली.

सुट्टीला गावी निघाला की तो आमच्याच बसने पेणपर्यंत येतो. परवा माझ्या शेजारची सीट रिकामी होती, तिथे बसला. डोक्यावर केस आले होते. घराची कौलं शाकारून घेतली, म्हणाला. बहिणीला माहेरपणाला आणली. बांधाला पडलेली खांड भरून काढली. चुलत्याशी बोलणं बंद होतं, त्याच्या दारात जाऊन आला.

"यातलं कायतरी असंल," तो म्हणाला. "नायतर दुसरं." मग त्याने मला विचारलं, "साहेब, तुमचा बापूस तुम्हाला काय काय करायला सांगतो?"

माझे वडील पेणला घरी आहेत. ते मला रोज काहीतरी सांगतात. मी आठवून बघितलं, तर मला एकही गोष्ट सांगता येईना.