आईच्या डोळ्यांचा रंग

आईच्या पिशवीचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं, तेव्हा मी बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसूनच राहिले. उठायचंही जिवावर आलं होतं. अमडापूरहून सकाळची एसटी, चिखलीला गाडी बदला, उपाशीपोटी आईला सांभाळत आणा, आणि इथे पुन्हा तेच: लिव्हरचा रिपोर्ट वाढलाय. तिकडे तिच्या अंगावरून जायचं थांबत नव्हतं. रक्त इतकं कमी झालेलं, की न्हाणीपर्यंत जातानाही ती भिंत धरायची.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण भुलीत लिव्हरला रक्त कमी मिळतं. चांगलं लिव्हर ते सोसतं, सुजलेलं नाही सोसत. त्या गुडघेदुखीच्या पुड्यांनीच सूज येते. बंद केल्या ना?"

"हाव, कवाच्याच," आई म्हणाली. पुड्या सोनाळ्याच्या मावशीनं कुण्या वैद्याकडून आणलेल्या. झाडपाल्याचं औषध, त्यानं काय होते, असं म्हणून.

घरी अंथरूण झटकताना उशीखाली पुडी सापडली. माझं डोकंच फिरलं. "काऊन घेतं वं माय? मी धावून धावून मरून राह्यली इकडं."

ती शांतपणे म्हणाली, "रिपोर्ट वाढला की भूल देत नाहीत ना."

मला बाबा आठवले. पोटाच्या ऑपरेशनला ते हसत आत गेले होते. शुद्धीवर आले, पण डोळे दिवसेंदिवस पिवळे होत गेले, आणि ते काही घरी आले नाहीत. दारूनं त्यांचं लिव्हर आधीच गेलं होतं, हे आम्हाला सांगितलेलं. आईच्या लेखी मात्र त्यांना भुलीनंच नेलं.

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. पुडी तिच्या हातात दिली. म्हटलं, "मले तुह्याशिवाय कोन हाय?" ती स्वतःच उठून पुडी मोरीत ओतून आली.

रिपोर्ट हळूहळू उतरला. ऑपरेशननंतर तो थोडा वर जाईल, घाबरू नका, आपोआप खाली येईल, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं.

ऑपरेशन होऊन शुद्धीवर आल्यावर आईनं पाणी मागितलं नाही. बोटानं खालची पापणी ओढली. "पाह्य बरं. तुह्या बापासारखे तं नाहीत?"

मी वाकून पाहिलं. पांढरे होते. सांगायला तोंड उघडलं तर रडूच फुटलं. आईनं माझ्याकडं पाहिलं, पापणी सोडली आणि समजल्यासारखी मान हलवली.

"पांढरे हायत वं माय," मी कसंबसं म्हटलं. तिचा विश्वास बसेपर्यंत म्हणत राहिले.