इस्तो मागितला

चिचगडात आता घरोघरी गॅस आहे, पण माझ्या शेजारच्या बाईकडे चूलच होती. तिच्या छपराच्या कवेलूंतून धूर निघाला की समजायचं, बाई आज जेवणार. तिची एकुलती लेक पावसाळ्यात तापाने गेली आणि तो धूर निघेनासा झाला. मी विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कायले पेटवू वो? कोन खाते?" कोणी आणून दिलं तर दोन घास खायची, नाहीतर पाणी पिऊन पडून राहायची.

त्याच सुमारास समाजकार्य शिकलेली एक पोर गावात यायला लागली. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिची संस्था काम करायची. ती आठवड्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस लक्ष मी ठेवायचं, असं ठरलं. तिने मला चौकटींचा एक कागद दिला. दिवसात दोनदा चूल पेटली तर ठिपका वरच्या रेघेवर, एकदा पेटली तर खालच्या, नाहीच पेटली तर अगदी तळाशी.

"अन् कराचं काय?" मी विचारलं.

"पहिले दोन आठवडे नवीन काहीच नाही, आजी. फक्त बघायचं."

"उपाशी बुढीले पाहत राहाचं? हेच शिकवते का तुमच्या कालेजात?"

"लोक देतात तेवढं देऊ द्या ना. पण आधी कशा होत्या हेच माहीत नसेल, तर सुधारल्या हे कशावरून म्हणणार?" तिचं म्हणणं असं की दहा बायांची बेरीज इथे कामाची नाही. बाई एकच, तिची बरोबरी तिच्याशीच करायची. ते मला पटलं. पण चौदा दिवस तळाशी ठिपके टाकताना हात जड व्हायचा.

मग मी रोज सकाळी जायला लागले. बसायचं, लाखोळीची भाजी निवडायची, तिला चूल पेटवायला लावायची, भात तिच्याच चुलीवर टाकायचा. पहिले दोन दिवस तिने हाकलूनच लावलं. "तुह्या घरी काम नाई का वो? येऊन बसते माह्या डोक्यावर!" तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सरक तिकडं. भात करपते तुह्यानं." आणि स्वतः बसली चुलीपुढे. ठिपके चढले. मला त्या कागदाचा असा लोभ लागला की दिवसातून तीनदा काढून बघायची.

तीन आठवड्यांनी पोर म्हणाली, "आता दोन आठवडे जायचं नाही."

"काऊन?"

"तुमच्या जाण्यानेच सुधारल्या, की तशाही सुधारल्या असत्या, ते कळायला पाहिजे. ठिपके घसरले की लगेच परत सुरू."

"म्हंजे गोळी देऊन काढून घ्याची, अन् पाहाचं पडते का!"

"पडल्या तर आपण आहोतच ना, आजी."

मी हो म्हणाले. पहिल्याच सकाळी ऊन अंगणात आलं तरी धूर नाही. मला राहवेना. पूर्वी आमच्याकडे एका घरची चूल पेटली की बाकीच्या बाया खापर घेऊन विस्तव मागायला जायच्या. मागणारीला कोणी रिकामं पाठवत नसे. मी एक फुटकं खापर घेतलं आणि कुंपणाशी उभी राहिले.

"बाई, इस्तो दे वो!"

आतून आवाज आला, "गॅस सरला का तुहा?"

"सरला."

"थांब मंग."

थोड्या वेळाने धूर निघाला. चूल पेटलीच आहे म्हणून तिने भातही टाकला असणार. मी निखारे घरी आणले आणि अंगणात पाणी ओतून विझवले. माझा गॅस चांगला भरलेला होता.

संध्याकाळी परत गेले. मग रोजच. एक दिवस ती म्हणाली, "तो गाडीवाला लगन करून रायला का वो? कवा आणते तुहा सिलिंडर?" लेक गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली होती. मी मनाला समजावलं, तिच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही, नियम मोडला नाही.

पोर आली. कागदावर चौदा ठिपके, सगळे वरच्या रेघेवर. "आजी, पडल्या नाहीत! आता त्यांना आपली गरज नाही." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. खापर दाराशीच पडलं होतं. सांगायचं ते तेव्हाच सांगायचं होतं. पण तो हात मला गोड वाटला. ती दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्याकडे जायला लागली.

मी इस्तो मागत राहिले. मग माझा मोतीबिंदू काढायचं ठरलं आणि मुलगा मला कुडव्याला त्याच्या घरी घेऊन गेला. निघताना मनात आलं, कोणाला तरी सांगून जावं. पण सांगणार काय? माझ्या जागी इस्तो मागा म्हणून? कागदाचं सगळं उघडं पडलं असतं. नाही सांगितलं. धुरात जाऊ नका, असं डॉक्टर म्हणाले, आणि महिना दीड महिना तिकडेच गेला.

आल्या आल्या तिच्याकडे गेले. चुलीतली राख ओलसर, दबून बसलेली. बाई खाटेवर, नुसती हाडं. मला बघून कोपरावर उठायला लागली.

"गॅस सरला का वो?"

"नाई सरला, बाई," मी म्हणाले. "तू पडून राय."

खरं बोलायला मला तीच वेळ सापडली. ती परत आडवी झाली. मी चूल पेटवली, पेज केली, चमच्याने पाजली. पाचव्या दिवशी ती गेली.

पोरीला फोन केला. आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, खापरासकट. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, ठिपके घसरले असते, तर आपण परत गेलो असतो."

मग तिने पिशवीतून तो कागद काढला. म्हणाली, त्या चौदा दिवसांत जे खरं झालं ते तुमच्या हाताने लिहा. मी एकेका ठिपक्याखाली लिहिलं, इस्तो मागितला. चौदा वेळा लिहिलं. पुढच्या चौकटी कोऱ्या होत्या. मी कुडव्याला होते त्या दिवसांचे ठिपके कुठे टाकायचे, तिने विचारलं.

ते दिवस कोणी पाहिलेच नव्हते.