वरच्या परवान्याची टकटक

हौशी रेडिओच्या, म्हणजे घरून बिनतारी बोलायच्या, परवान्याचा अर्ज भरताना मी वरच्या प्रतीच्या चौकटीत खूण केली. वरचं आणि खालचं दोन्ही समोर असताना खालचं मागणारा माणूस आमच्या मूल गावात तरी मी पाहिलेला नाही. वरच्या प्रतीला मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या टीं-टीं भाषेची, वेगळी परीक्षा असते हे सूचनांमध्ये लिहिलेलं होतं. सूचना मी नंतर वाचल्या.

खटाटोप होता मुलीसाठी. ती एटापल्लीला नर्स आहे. मागच्या पावसाळ्यात तिकडचा मोबाइलचा टॉवर बंद पडला आणि चार दिवस तिची काही खबर नाही. तिकडे जावयाकडे परवाना आहे, रेडिओही आहे. इकडे मी परवाना काढला की झालं, इतकं सोपं काम. मामाजी, खालच्या परवान्यावरही बोलता येते, अर्ज बदलवून टाका, असं जावई फोनवर सांगून थकला. पण जावयाकडे खालचा, म्हणून सासऱ्यानंही खालचाच घ्यायचा? मी म्हटलं, शिकतो.

दोन महिने शिकलो. कानाला मोबाइल लावून अंगणात येरझाऱ्या. पन्नाशीतलं डोकं म्हणजे तोंडापर्यंत भरलेलं धानाचं पोतं; वरून मूठभर घातलं की तेवढंच बाजूनं सांडतं. नवं अक्षर बसलं की कालचं गेलं. पावसाळा जवळ येत चालला आणि मी अजून अर्ध्या बाराखडीत. चिडायचो मोबाइलवर, ऐकायची बायको.

अशात पोंभुर्ण्याला साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, नातवाचं बारसं निघालं. पंगतीत बसलो आणि सवयीनं ताटाच्या काठावर बोटानं मुलीचं नाव वाजवू लागलो. वाढप्यानं येऊन भात टाकला. नाव तिसऱ्या अक्षरावर अडलं होतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा भात. तिसऱ्यांदा साळाच पुढ्यात उभा राहिला.

"भाऊजी, ताट काऊन वाजवून राह्यले? आमी वाढाले कमी केलं काय?"

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. भरल्या पंगतीत ताट वाजवणं म्हणजे यजमानाची अब्रू काढणं, हे मला काय माहीत नव्हतं? मी घाईघाईनं मोर्स समजावू लागलो. ती थट्टा वाटून साळ्याचा चेहरा आणखीच उतरला. शेवटी मी मान खाली घालून तो भाताचा डोंगर संपवला.

परतीच्या एसटीत बायकोला मीच म्हणालो, अजून महिनाभर दे, जमेल मला.

ती म्हणाली, "तुम्ही हुशार आहा, हे पोरीले माहीत हाय. तिले तुमचा आवाज पाह्यजे. उद्या खालचा फारम भरा."