आयतची पहिली आंघोळ

घुग्घुससारख्या कोळसा खाणींच्या गावात राहायचं आणि शिवाय घर लख्ख ठेवायचं, असा हट्ट धरणारी बाई एकतर नवी नवरी असते, नाहीतर जरीना. नव्या नवरीचा हट्ट पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. जरीना आजी व्हायला आली तरी तिचा सुटला नव्हता. तिच्या गल्लीच्या तोंडावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जात, आणि दर ट्रकमागे घरातल्या ताटवाटीपासून टीव्हीपर्यंत सगळ्यावर एक काळसर थर चढे. जरीना फडकं घेऊन तयारच असे. तिचा नवरा अयूब ट्रकच्या चाकांवरच्या पोलादी कमानी ठोकणारा मिस्त्री, म्हणजे ग्रीस आणि काजळीचं चालतंबोलतं दुकान. मागच्या न्हाणीत गरम पाण्याने घासून निघाल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नसे.

"माह्याच घरी मले व्हिसा लागते," असं तो पानठेल्यावर सांगायचा. लोक हसायचे. जरीनाला त्याचं काही वाटत नसे.

थंडीच्या दिवसांत त्यांची एकुलती एक लेक निशात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळ वेळेआधीच झालं. मुलगी. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जरीनाने काचेतून पाहिलं. एवढं चिमुकलं माणूस तिने पाहिलंच नव्हतं. रडायची ती सुद्धा मांजरीच्या पिल्लासारखी, कान दिला तरच ऐकू यायचं. अयूबने तिच्या कानाशी अजान म्हटली, नाव आयत ठेवलं, आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

पोर तगली. घरी सोडताना नर्सने बजावून सांगितलं: आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवा, आईचंच दूध द्या, नाळेला काही लावू नका, आणि वजन वाढेपर्यंत आंघोळ अजिबात नको, नुसतं कोमट फडक्याने पुसा. जरीनाने मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि पटणं वेगळं. आंघोळ नको? जिने जन्मभर पाण्याच्या जोरावर घुग्घुसच्या धुळीला तोंड दिलं, तिला हे कसं पटावं?

त्यातून ऑटोतून येताना रस्ताभर ट्रक पुढे. घरी येऊन दुपटं सोडलं तर आयतच्या मानेच्या घडीत काळी बारीक रेघ. जरीनाचं डोकं फिरलं. शिवाय सहाव्या दिवसाचं, छठीचं न्हाण दवाखान्यात राहूनच गेलं होतं. त्यात आई न्हाते, बाळ न्हातं, मग नवे कपडे आणि मग लोकांची तोंडं गोड. न्हाण झाल्याशिवाय पोर घरची झाली असं म्हणायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं. आधी निशातला डोक्यावरून न्हाऊ घातलं. मग पाय लांब करून बसली, आयतला पिंढऱ्यांवर घेतलं आणि न्हाऊ घातलं. हळुवार, मायेने, कानामागेसुद्धा. मानेतली रेघ गेली. जरीनाला इतकं बरं वाटलं की ती गुणगुणायला लागली.

पुसून झबलं घालताना तिच्या लक्षात आलं की आयत रडली नाही. तळपायाला हात लावला तर पाय गार. निशातने घाईने छातीशी धरलं, पण आयतने तोंडच उघडलं नाही. मान एका बाजूला पडली.

"अम्मी, ही ओढून नाई राह्यली! अम्मी, पाहा न व!"

निशातची किंकाळी ऐकून पलीकडच्या घरातून दीपिका, गल्लीची आशा सेविका, धावत आली. तिने आधी फोन काढून १०८ ला गाडी बोलावली, मग आयतचं पोट चाचपलं. तेही गार.

"हिले आत्ता कोणाच्या तरी छातीशी धरा. अंगाले अंग. निशात, तू..." ती थांबली. निशातचे केस पाण्याने निथळत होते, ती कुडकुडत होती. जरीना तर गळ्यापर्यंत भिजलेली. दीपिकाने दाराबाहेर पाहिलं.

अंगणात अयूब उभा होता, किंकाळीने दचकलेला, पण बायकांच्या न्हाणाच्या जागी आत शिरायला बिचकत. जेवायला घरी आलेला, जरीनाच्या कायद्याप्रमाणे कडक पाण्याने न्हालेला, पुसलेला, लुंगीवर उघडाबंब, इतका वेळ उन्हात पाठ आणि पोट शेकत बसलेला.

"चाचा, इकडे या! बसा इथी!"

तिने आयतच्या डोक्याला टोपडं आणि खाली लंगोट तेवढा ठेवला, ओलसर झबलं काढून टाकलं आणि तिला अयूबच्या केसाळ छातीवर पालथी ठेवून वरून शाल गुंडाळली. ट्रकच्या कमानीवर घण घालणारा तो माणूस श्वास घ्यायलाही भिऊ लागला. "मी काय करू आता? हलू का नको?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"काईच करू नका. गरम राहा फक्त."

गाडी आली. अयूब तसाच लुंगीवर, शालीत नात घेऊन आत चढला. निशात आणि दीपिका त्याच्याबरोबर गेल्या. जरीना दारात उभी राहिली, ओली. कुणी तिला ये म्हटलं नाही, आणि तिचीही हिंमत झाली नाही.

संध्याकाळी फोन आला. दवाखाना यायच्या आत आयतचे पाय गरम झाले होते, ती दूध ओढायला लागली होती. तपासणीसाठी एक दिवस ठेवणार होते. डॉक्टर म्हणाले, आजोबांनी पेटीचं काम केलं. अयूब फोनवर छाती फुगवून बोलत होता. जरीना फोन ठेवून नमाजाच्या चटईवर बसली आणि पोटभर रडली.

आयत परत आली, पण जरीना तिला हात लावेना. स्वयंपाक करी, निशातला खाऊ घाली, आणि पाळण्याजवळून अंग चोरून जाई. दीपिका रोज यायची. तिने दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "चाची, काऊन अशा लांब लांब?"

"माह्या हातानं गेली असती ते."

"हात चांगलेच हायत तुमचे. फक्त चुकीच्या जागी चालले. पोरीले नका धुऊ. बाकी सारं धुवा. ह्या गल्लीत तुमच्यापेक्षा जास्त कोण धुते?"

हे मात्र जरीनाला पटलं! त्या दिवसापासून ती धुळीच्या अक्षरशः हात धुऊन मागे लागली. झाडू बंद, कारण झाडूने धूळ उडते. ओल्या पोतेऱ्याने दोनदा पुसायचं. दाराखिडक्यांना ओल्या चादरी. आयतचे लंगोट अंगणातल्या दोरीवर टाकायचे नाहीत, छपरावर उन्हात, वर पातळ ओढणी पसरून. दारातल्या नळाला तिने सुतळीने साबण बांधला आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणालाही आत सोडेना. शिंकणाऱ्याला तर फाटकातूनच सलाम. बल्लारपूरहून अयूबची थोरली बहीण मुक्कामाला आली, ती या साबणाला अपमान समजून फणफणली.

"मी काय नाली साफ करून आली का व?"

"नाई आपा. पण हात धुवा."

आपाने धुतले. नणंदेला हात धुवायला लावणारी भावजय गल्लीने प्रथमच पाहिली.

कपड्यांचं उरलेलं पाणी ती सकाळी गल्लीच्या तोंडाशी, ट्रक वळतात तिथे मारायची. पहिल्यांदा बायका हसल्या. पण धूळ बसते हे दिसल्यावर शेजारणीही बादल्या घेऊन यायला लागल्या. धुळीशी एकटीने भांडायची सवय असलेली जरीना आता या फौजेला कुठे किती पाणी मारायचं ते दाखवू लागली.

आणि अयूब? निशात दमली की आयतचा पलंग तोच. कामावरून यायचा तो आता जरीनाने सांगायच्या आधी न्हाणीत पळायचा, नखं घासायचा, आणि शाल मागायचा. पानठेला सुटला. मित्र बोलवायला आले की आतून सांगायचा, "ड्यूटीवर हाय मी!"

दीपिका झोळीच्या काट्याने वजन करायची तेव्हा घर श्वास रोखून धरायचं. एका आठवड्यात काटा जागचा हलला नाही, तेव्हा जरीनाला घास गिळवला नाही. दीपिकाने दूध जास्त वेळा पाजायला सांगितलं. पुढच्या वेळी काटा हलला, मग हलतच गेला. आयतच्या मांड्यांना वळ्या पडल्या. थंडी ओसरली.

एके दिवशी काटा पाहून दीपिका हसली. "चाची, पाणी ठेवा. आता घाला आंघोळ."

जरीना मागे सरकली. "मी नाई. तू घाल. नाईतर निशात."

निशात उठली. तिने आयतला आणून सरळ आईच्या हातात दिलं. "अम्मी, छठीचं न्हाण बाकी हाय. तूच घालशील."

दारं लागली. ऊन आत येत होतं तिथे जागा केली, कोरडं दुपटं आधीच शेकून ठेवलं. जरीनाने कोपर बुडवून पाणी पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग पाय लांब केले, आयतला पिंढऱ्यांवर घेतलं आणि पहिला तांब्या ओतला.

आयत किंचाळली! असा टाहो फोडला तिने की बाहेर अयूब दचकून उभा राहिला, शेजारच्या बायका दाराशी जमल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा मान काढून बघायला लागला. मांजरीच्या पिल्लासारखी रडणारी ती पोर आता अख्खी गल्ली डोक्यावर घेत होती. जरीनाचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "रड माय, रड! आणखी जोरात रड!"

झटपट न्हाण आटोपलं. दुपट्यात गुंडाळून, डोकं कोरडं करून तिने आयतला निशातच्या छातीशी दिलं. आयतने रडणं अर्ध्यावर सोडलं आणि अधाशासारखी दूध ओढायला लागली. जरीनाचा हात दुपट्याच्या टोकाशी जाऊन थांबला. तिने दीपिकाकडे पाहिलं.

"तुम्हीच पाहा," दीपिका म्हणाली.

जरीनाने डोळे मिटून दुपट्यात हात घातला आणि तो इवलासा तळपाय मुठीत धरला.

"गरम हाय," ती म्हणाली. मग उठून दार उघडलं आणि अयूबला, आपाला, जमलेल्या सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "गरम हाय व! पाय गरम हायत पोरीचे!"