पदराआडचे हात

"हा पार्किन्सन्स आहे," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, दारापासून खुर्चीपर्यंत चालायला लावलं, अंगठ्यावर बोट आपटून दाखवायला सांगितलं, आणि झालं निदान. मी नुसता पंख्याकडे बघत राहिलो.

मग त्यांनी समजावलं. मेंदूतलं एक द्रव्य कमी पडतं, म्हणून ट्रेमर, म्हणजे हातांची थरथर सुरू होते आणि हालचाल मंदावते. आजार मुळापासून जात नाही, पण गोळ्यांचं प्रमाण जमलं की माणूस आपल्या हातानं जेवतो. सुमनला तेवढंच हवं होतं. दुसऱ्यानं भरवलेला घास तिच्या घशाखाली उतरत नाही.

आमच्या मारेगावहून दर वेळी नागपूरचा प्रवास तिला झेपेना. पुढची तपासणी व्हिडिओ कॉलवर ठरली.

त्या दिवशी सकाळीच केळापूरच्या मेहुणीनं नातवाचं अख्खं बारसं आम्हाला फोनवर दाखवलं. पाळण्यापासून पंगतीपर्यंत. रोजचा डेटा तिथेच संपला. डेटा संपला की नेट बंद पडत नाही, रांगायला लागतं, हे मला कुठे ठाऊक!

दुपारी सुमन ठेवणीतलं पातळ नेसून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हात आत घालून बसली. लग्नानंतर माझ्या वडिलांसमोर ती अश्शीच बसायची. पदराआड बांगड्या किणकिणायच्या आणि माझं वडिलांच्या बोलण्यातलं लक्ष उडायचं. काय दिवस होते ते! तिला तशी बघून मी आजारपणच विसरलो.

डॉक्टरांचा आवाज तुटत येत होता. "थरथर दिसत नाही, छान. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा." आम्ही खूश.

पण ताटातलं वरण पातळावर सांडू लागलं. ती अर्धी भाकर खाऊन उठायची. मी घास पुढे केला की तोंड फिरवायची. शेवटी मी चिडलो, डॉक्टरांना हात का दाखवले नाहीस म्हणून.

"एवढ्या मोठ्या डॉक्टरसमोर हात हालवत बसू काय? मले लाज वाटते," ती म्हणाली.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "काका, मला चित्र अडकलेलं दिसत होतं. मला वाटलं, काकू स्थिर बसल्यात. हात दिसल्याशिवाय मी गोळी ठरवू शकत नाही."

तुमच्या घरी असा आजार असेल तर एवढं करा. डॉक्टरांच्या कॉलआधी डेटा राखून ठेवा, घरातले बाकीचे फोन नेटवरून काढा. तरी चित्र अडकलं तर तसं स्पष्ट सांगा, आणि चालतानाचा, जेवतानाचा व्हिडिओ आधीच काढून पाठवा.

पुढच्या कॉलला चित्र स्वच्छ आलं. सुमननं पदरातून दोन्ही हात काढले आणि फोनसमोर धरले.

"पाहा बाप्पा. असे झाले माहे हात."

डॉक्टर बघत राहिले. मीही. इतक्या वर्षांच्या संसारात ते हात मी असे निरखून पाहिलेच नव्हते. मला रडू आवरेना.

गोळी वाढली. थरथर पुरती गेलेली नाही, जाणारही नाही. पण परवा तिनं वरणभात कालवला आणि हळूहळू सगळा आपल्या हातानं संपवला. डॉक्टरांना पाठवायला म्हणून मी ते फोनवर टिपत होतो. ताट रिकामं झालं तरी टिपतच राहिलो.

"ठेवा ना तो फोन आता," ती म्हणाली. "तुमचं वरण थंडं होऊन राह्यलं."