खिडकीकडच्या खुर्चीतलं ऑर्किड

थंडी अशी पडली होती की शटरच्या कडीला हात लावावा आणि तो तिथेच चिकटून बसावा. धुकं रस्त्यावरून हटायचं नाव घेत नव्हतं. समोरच्या बेकरीची पाटी तेवढी हवेत तरंगत होती. दादाने खांदा लावून शटर वर ढकललं, दिवे लावले, पाणी तापत ठेवलं, कात्र्या पुसून ट्रेमध्ये आडव्या केल्या. मग खिडकीकडच्या खुर्चीपाशी जाऊन पायडल दाबलं. फुस्स, फुस्स. खुर्ची वीतभर वर आली.

खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं. ऑर्किड होतं.

गल्लीत सगळे त्याला दादाच म्हणतात, त्याच्यापेक्षा थोरले असतील तेही. त्याच्या सलूनमध्ये खुर्च्या दोनच. आतल्या खुर्चीत माणसांची डोकी, आणि खिडकीकडच्या खुर्चीत, उशीवर टेकवून ठेवलेली ही कुंडी. नवखं गिऱ्हाईक आलं की नेमकं तिकडे वळायचं, आणि दादा हातातला वस्तरा उगारून ओरडायचा, "ओ, तिथं नको! तिथं नंबर लागलाय!"

ऑर्किड त्याला एका गिऱ्हाइकाने बदली होऊन जाताना दिलं होतं. आलं तेव्हा फुलांनी लगडलेलं. फुलं गळाली आणि मग त्याने जो संप पुकारला तो पुकारलाच. दादाने आधी ते आत, आरशाखाली, पावडरच्या डब्यांशेजारी ठेवलं होतं. तिथे पानं काय माजली! गर्द हिरवी, जाडजूड, गाढवाच्या कानाएवढी. "तब्येत बघा, तब्येत!" म्हणत दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पानं दाखवायचा. शेवटी शेजारच्या चष्मेवाल्याने दाढी करून घेता घेता सांगितलं, "दादा, ही तब्येत नाही. ही सूज आहे. उजेडासाठी उपाशी आहे ते. इतकं गर्द झालं म्हणजे फूल कुठून देणार?"

उपाशी म्हटल्यावर दादाचा जीव कळवळला. त्याने कुंडी उचलली आणि थेट खिडकीच्या कठड्यावर, भर उन्हात नेऊन ठेवली. जेव बाबा पोटभर! तर पानांच्या कडा लालसर झाल्या, आणि मग एका पानावर इस्त्री विसरून राहावी तसा पांढरा डाग उमटला. त्या दिवशी दादाचा चेहरा असा पडला, जणू त्याच्या हातून गिऱ्हाइकाचा कानच कापला गेला होता.

त्यानंतर त्याला खुर्ची सुचली. वर जाते, खाली येते, चहूकडे फिरते; असली सोय कुठल्या बागेत आहे? सकाळचं मऊ ऊन आत आलं की खुर्ची वर. दुपारचं चावरं ऊन आलं की पायडल दाबून खुर्ची खाली, कठड्याच्या आडोशाला. त्यातूनही तिरीप घुसली तर काचेवर गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं पांढरं कापड अडकवायचं. आणि माप? माप हाताचं. पानांच्या वर हात धरायचा. बोटं मोजता येतील अशी ठसठशीत सावली पडली तर ऊन जास्त. सावलीच नाही तर कमी. बोटं एकमेकांत विरघळल्यासारखी पुसट पडली की जेवण बरोब्बर. याचं वेड इतकं पसरलं की गालाला फेस लावलेली माणसं मधूनच उठून ऑर्किडवर हात धरून यायची.

"दादा, ऊन जास्त आहे आज. बोटं दिसतायत."

"तुझी बोटंच भेंडीसारखी आहेत, त्याला ऊन काय करणार? बस खाली."

या सगळ्याचा ताप एकाच माणसाला होता, तो म्हणजे दादाच्या बायकोला. तिला सगळे वहिनी म्हणतात. तिने बायकांचे केस कापण्याचं शिक्षण रीतसर घेतलं होतं आणि घरीच काम करायची, जेवणाच्या खुर्चीवर. ठेंगणी बाई आली की खाली उशी, उंच आली की वहिनी चवड्यांवर. संध्याकाळी कंबरेचे असे तीनतेरा वाजायचे की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागे. तिला वरखाली होणारी खुर्ची हवी होती. ती दुकानात होती आणि तिच्यात झाड बसलं होतं.

"अहो, माझ्या गिऱ्हाइकांना डोकी आहेत," ती म्हणाली. "ह्याला कुठंय?"

"येईल ना. फूल म्हणजे डोकंच की."

"कधी? म्हातारपणी? हे बघा, थंडी संपेपर्यंत वाट बघते. फूल उमललं तर खिडकीकडची खुर्ची त्याची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही उमललं तर माझी. साक्षीला हे."

'हे' म्हणजे चष्मेवाला. त्याच्या ओठांवर वस्तरा होता, म्हणून त्याने नुसती मान हलवली. कशी हलवली ते कुणालाच नीट कळलं नाही. दोघांनीही ती आपल्याच बाजूने धरली.

तर त्या धुक्याच्या सकाळी दादाने खुर्ची वर केली, हात धरला, आणि हात तिथेच राहिला. दोन पानांच्या बेचक्यातून हिरवं काहीतरी डोकावत होतं, लहान मुलाच्या अंगठ्यासारखं.

चष्मेवाला आपलं दुकान उघडं टाकून भिंग घेऊन धावत आला. "मूळ आहे," तो म्हणाला.

"मूळ वरच्या दिशेने जातं का रे शहाण्या?"

"ह्याचं कुठंही जातं. ह्याला रीतभात नाही."

तेवढ्यात डबा घेऊन वहिनी आली. तिने भिंग हिसकावून घेतलं, डोळा बारीक केला आणि किंचाळली, "दांडा! अहो, फुलाचा दांडा आहे हा!" तिने डबा ठेवला तो नेमका फेसाच्या वाटीत. चष्मेवाल्याचे दोन्ही हात धरून तिने त्याला गर्रकन फिरवलं, आणि मग मध्येच थांबून म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मी हरतेय!" याचं तिला इतकं हसू आलं की उचक्या लागल्या आणि दादाला पाणी आणायला पळावं लागलं.

पण पुढे भलतंच झालं. दांडा वाढायला लागला तो सरळ वाढेना. आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग स्वतःभोवतीच वळला. बघावं तेव्हा टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखा. दादा कुंडीशी बोलून पाहायचा, रागवायचा, पुन्हा मनधरणी करायचा. दांड्याची कसरत चालूच.

वहिनीने एका संध्याकाळी ते पकडलं. दुकान आवरताना दादाने आतली खुर्ची फिरवली, मग जाता जाता खिडकीकडची फिरवली, झाडाची पाठ आरशात बघितली, खूश झाला आणि दिव्याकडे वळला.

"थांबा! काय केलंत हे?"

"काय केलं? खुर्ची फिरवली."

"रोज फिरवता?"

"मग? कटिंग झाल्यावर मागची बाजू दाखवायला नको? आणि उजेड काय एकाच गालाला द्यायचा? सगळीकडून सारखं दिसलं पाहिजे."

वहिनीने कपाळावर हात मारला. "चक्कर आलीय हो त्याला! बिचारं दिवसभर मान वळवून वळवून खिडकी शोधतं, आणि संध्याकाळी तुम्ही त्याचं तोंड भिंतीकडे करून घरी जाता!"

दादा ओशाळून खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. आयुष्यभर खुर्ची फिरवून त्याने माणसं खूश केली होती. न फिरवता कुणाला खूश करता येतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनीने खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि खुर्चीचा हात खिडकीच्या गजाला करकचून बांधला. आपल्या हरण्याला ती स्वतःच गाठ मारत होती.

"तुला खुर्ची नकोय का?" दादाने हळूच विचारलं.

"हवीय. पण हे मुंडी पिरगाळून मेलं म्हणून नको."

खुर्ची स्थिर झाली, तसा दांडाही शहाण्यासारखा एका बाजूला झुकला. कळ्या धरल्या, फुगल्या. गिऱ्हाइकं आता दाढीसाठी येत की कळ्यांसाठी, सांगता येत नव्हतं. सकाळी दाढी करून गेलेला माणूस दुपारी गाल चाचपत परत यायचा, "जरा खरखरतंय" म्हणून.

आणि थंडी सरता सरता, एका लख्ख सकाळी, वहिनी नुकतीच डबा घेऊन आलेली, चष्मेवाला गप्पांना टेकलेला आणि आतल्या खुर्चीत एक माणूस अर्धा गाल साफ, अर्धा फेसाळ असा बसलेला असताना दादा खिडकीकडे बघून ओरडला, "उमललं!" मग जवळ जाऊन पडेल आवाजात म्हणाला, "पण हे तर पाठमोरं आहे."

खरंच होतं. दुकानातून दिसत होती ती फुलाची पाठ. त्याने तोंड काचेकडे, रस्त्याकडे केलं होतं.

"उजेडाकडे बघतंय," चष्मेवाला म्हणाला. "तुझं थोबाड कशाला बघेल?"

दादाचा हात सवयीने खुर्चीकडे गेला.

"नको!" सगळे एकदम ओरडले. अर्धा फेसाळ माणूससुद्धा.

मग दुसरा उपाय काय? सगळी वरात बाहेर पडली. दादा वस्तऱ्यासकट, वहिनी डब्यासकट, तो माणूस गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट. फुटपाथवर उभं राहून सगळ्यांनी काचेतून आत पाहिलं. पांढरंशुभ्र फूल, मध्ये जांभळा ओठ, उशीवर ऐटीत बसलेलं, आणि जणू विचारत होतं, माझा नंबर कधी? वहिनीने टाळ्या पिटल्या. दादाने चष्मेवाल्याला मिठी मारली आणि त्याच्या चष्म्याला फेस फासला. रस्त्यावरून जाणारे थांबू लागले. बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनी आला. हातात पिशव्या घेतलेली एक बाई बराच वेळ फुलाकडे बघत राहिली, मग आत वाकून बघत म्हणाली, "छान आहे हो. इथं बायकांचे केस कापतात का?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने डबा त्याच्या हातात दिला.

"कापतात. या ना."

ती आत गेली आणि सरळ आतल्या खुर्चीची सीट झटकली. बाई बसली. वहिनीने पायडल दाबलं. फुस्स, फुस्स, आणि बाईचं डोकं अगदी तिच्या हाताशी येऊन थांबलं.

"अगं, ती माझी खुर्ची!" दादा दारातून म्हणाला.

"पैज खिडकीकडच्या खुर्चीची होती. ती दिली मी. हिचं नाव कुणी काढलं होतं?" तिने साक्षीदाराकडे पाहिलं. या वेळी चष्मेवाल्याने मान नीट, सगळ्यांना कळेल अशी हलवली.

"आणि मी?" अर्ध्या फेसाचा माणूस म्हणाला. "वाळतंय हे."

दादाने मागून स्टूल ओढून आणलं. स्टूल ठेंगणं, माणूस त्याहून ठेंगणा. दादा कंबरेत वाकला, दाढी उरकली आणि कण्हत सरळ झाला.

"आई गं! कंबर!"

"हो ना?" वहिनी आरशातून म्हणाली. "असंच होतं." आणि दोघंही इतकी हसली की बाईला म्हणावं लागलं, "अहो, कात्री जरा जपून!"

फरशीवर लांब केसांचे झुपके पडत होते. दादाने झाडू घेतला. लांब केस झाडूत गुंतून बसत होते, आणि तो उकिडवा बसून ते एकेक करून सोडवू लागला.