विथकोट हॉलची दूधदाई

आमच्या गावात विथकोट हॉलची, म्हणजे जमीनदाराच्या वाड्याची, चाकरी न केलेलं घर सापडायचं नाही. माझी केझाया मावशी मात्र तिथे गेली ती अंगावरच्या दुधापायी.

हॉलच्या मालकीणबाई बाळंतपणात गेल्या. बाळ, एडमंड, जगलं. पण गाईचं दूध त्याला पचेना. तेव्हा हॉलची कारभारीण ग्रिंडलबाई बग्गी घेऊन मावशीच्या दारात आली. मावशीचा सायलस तेव्हा नुकता उपडा पडायला लागला होता.

"ह्यालाही घेऊन येते," मावशी म्हणाली.

"नको. गावातली पोरं म्हणजे खोकला आणि पुरळ. तुझी सासू आहे की सांभाळायला."

मावशीचा नवरा, एबलकाका, हॉलचीच कुंपणं छाटायचा. राहतं घरही हॉलचंच. खाली बघत तो म्हणाला, "जा बाई. आपण नाही म्हणणारे कोण?"

मावशी गेली. तिथे तिला मटण, बिअर, मऊ गादी, सगळं मिळालं. एडमंड अंग धरू लागला. इकडे सायलसची आजी साखरपाण्यात पाव कुस्करून त्याला भरवत होती. त्याला जुलाब लागले, पोर वाळत गेलं आणि एका सकाळी संपलं.

ग्रिंडलबाईनं सगळ्यांना बजावलं, "तिच्या कानावर जाता कामा नये. धसक्यानं दूध आटेल." एबलकाकानंही तोंड मिटून घेतलं. मावशी निरोप पाठवून विचारायची, तेव्हा "बरा आहे" एवढंच उत्तर यायचं.

शेवटी धुणं घेऊन आलेली पेग मार्डल बोलून गेली, "जागा तरी चांगली मिळाली गं पोराला. चर्चमागे, झाडाखाली."

मावशी रडली नाही. बसल्या जागी तशीच राहिली. एडमंड भुकेनं किंचाळायला लागला. आवाज ऐकून ग्रिंडलबाई धावत आली, पण पेगचा चेहरा बघून तिला उंबरा ओलांडवेना. बऱ्याच वेळानं मावशी उठली. तिनं बाळाला उचलून छातीशी लावलं.

"हा जेवायला लागेपर्यंत राहीन," ती म्हणाली. "ह्यानं माझं काही वाईट केलेलं नाही. तुम्ही मात्र माझ्यासमोर येऊ नका."

त्याचं दूध सुटल्यावर ती घरी परतली. एबलकाकाशी कामापुरतंच बोलायची. तिला पुन्हा मूल झालं नाही.

एडमंड मोठा झाला, मालक झाला. लग्नानंतर कधीतरी म्हाताऱ्या पेगनंच त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो हॅट हातात घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला. मी तिथेच बटाटे सोलत होते.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"मलाही नाही."

मावशीनं त्याला बसायला स्टूल दिलं. "भूक लागली होती तुम्हाला, प्यायलात. त्यात तुमचा काय दोष?" मग म्हणाली, "पण उद्या तुमच्याकडे पाळणा हलला आणि कुणाला पाजायला बोलवावं लागलं, तर तिचं लेकरू तिच्यापासून तोडू नका."

तशी वेळ आलीच. त्याच्या बायकोला बाळंतपणात ताप भरला. मेंढपाळाची बायको टॅमसिन आपल्या मुलीसकट हॉलवर आली. बाळं सांभाळायला मी होते. दोन पाळणे शेजारी शेजारी बघून एडमंडची आत्या फणकारली, "आता काय, मेंढ्यासुद्धा माडीवर आणणार?"

"आत्या, तुम्हाला त्रास होत असेल तर तुमची खोली खाली हलवतो," तो शांतपणे म्हणाला.

रविवारी मी घरी गेले की मावशी आधी टॅमसिनच्या मुलीबद्दल विचारायची.

"तिला पुरतं ना गं?"

"पुरतं. कधी कधी दोघांना एकदमच घेते."

त्या दिवशी मावशी म्हणाली, "मला नेशील एकदा?"

मी तिला मागच्या जिन्यानं वर नेलं. तिनं मालकांच्या बाळाच्या गालावरून बोट फिरवलं. मग टॅमसिनची मुलगी मांडीवर घेऊन बसली आणि ती झोपेपर्यंत हलली नाही.